रुमालाखालचा भाव

घासाघीस ही एक उपजत कला आहे, अशी आपल्या समाजात पक्की समजूत आहे. अमक्या काकूंना भाव करता येतो, तमक्या रावांना तो मुळीच येत नाही, असे आपण सहज बोलून जातो. आणि जिभेवर साखर, चेहऱ्यावर बेफिकिरी व अंगी थोडा निगरगट्टपणा असला म्हणजे कोणतीही वस्तू स्वस्तात मिळते, असे आपणांस मनापासून वाटत असते. घरात मोटार घ्यावयाचे ठरले म्हणजे कुटुंबातील एखाद्या बोलक्या मामांना किंवा मेव्हण्यांना आवर्जून बरोबर नेण्याची जी वहिवाट पडली आहे, तिच्या मुळाशी हीच समजूत आहे. घर सोडले तर मोटारीइतका मोठा सौदा मध्यम स्थितीतील कुटुंब आयुष्यात क्वचितच करते. तेव्हा या समजुतीत तथ्य किती, हे पाहणे अगदीच निरुपयोगी ठरणार नाही. त्यासाठी प्रथम मोटारीच्या दुकानात न शिरता वऱ्हाडातील एका जुन्या कापूसबाजारात जाण्याची वाचकांना विनंती आहे. भाव कसा ठरतो, तो कोण ठरवितो, आणि तो ठरत असता दुबळ्या पक्षाचे काय होते, याचे जितके स्वच्छ दर्शन बुलढाणा जिल्ह्यातील खामगावच्या इतिहासात घडते, तितके अन्यत्र क्वचितच घडेल.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा ही घाटावरची गावे. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव ही घाटाखालची. घाटाखालची काळी जमीन कापसाची. खामगावी १८२० च्या सुमारास बाजार सुरू झाला तो काही थोड्या व्यापाऱ्यांच्या दुकानांनी. त्या काळी वऱ्हाडचा कापूस मुंबईपेक्षा उत्तरेकडे अधिक जात असे. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून सातपुडा ओलांडीत आणि गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत सुमारे पाचशे मैलांची मजल करीत. वाटेत धूळ बसे, पावसाने माल भिजे, बैल मरत. अशा स्थितीत भाव म्हणजे बव्हंशी वाटखर्चाचाच हिशेब होता, आणि तो हिशेब तांड्याच्या नाईकाइतकाच गावच्या पाटलासही ठाऊक असे. विकणारा आणि घेणारा यांच्या माहितीत फारसे अंतर नव्हते, हे येथे लक्षात ठेवावे.

हे अंतर पुढे पडले, आणि ते पडावयास कारण झाले सातासमुद्रांपलीकडील युद्ध. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले होते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस बंदरांतच अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानाकडे डोळे लावून बसल्या. १८६५ पर्यंत कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच ते उतरले. तथापि वऱ्हाडावर पडलेली इंग्रज व्यापाऱ्यांची नजर काही उतरली नाही. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला. मध्यप्रांत व वऱ्हाड यांसाठी खास कापूस कमिशनर नेमण्यात आला होता. त्या जागेवरील रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याने खामगावला आगगाडी व तारायंत्र मिळावे म्हणून खटपट केली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंतचा आठ मैलांचा फाटा तयार झाला आणि त्याच्या व नव्या कापूसबाजाराच्या उद्घाटनास स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका तालुक्याच्या गावच्या बाजारासाठी हिंदुस्थानच्या सर्वाधिकाऱ्याने यावे, यावरूनच त्या बाजाराची मातबरी ध्यानी येईल. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत असे. १९०५ साली ते बुलढाणा जिल्ह्यास जोडण्यात आले. १९०१ च्या शिरगणतीत त्याची वस्ती अवघी अठरा हजारांच्या आसपास होती. पण व्यापाराच्या दृष्टीने ते वऱ्हाडातील पहिल्या प्रतीच्या पेठांपैकी एक होते.

ज्या १८७० साली आगगाडी खामगावात शिरली, त्याच साली समुद्रतळावरील तारेने मुंबई व इंग्लंड ही जोडली गेली. या दोन घटना एकत्र ठेवून पाहाव्यात. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे व मुंबईस १८५१ साली एकदमच सुरू झालेल्या व्होलकार्ट ब्रदर्ससारख्या पेढ्यांनी खामगावी आपली खरेदीची ठाणी घातली. लिव्हरपूलच्या बाजारात सकाळी जो भाव निघाला, त्याची वार्ता अल्पावकाशात मुंबईच्या पेढीवर व तेथून तारेने वऱ्हाडातील गुमास्त्याच्या हाती येऊ लागली. परंतु ही तार ज्याच्या हाती येई, तो घेणारा होता. विकणारा त्या वेळी बोथ्याचा घाट उतरत होता. पहाटे निघालेल्या त्याच्या गाडीत कापूस दाबून भरलेला असे, खाली कंदील टांगलेला असे, आणि त्याच्यापाशी भावाचे ज्ञान म्हणजे गेल्या आठवड्यात शेजाऱ्याने सांगितलेला आकडा. आगगाडीने अंतर कमी केले हे खरे. पण सौद्यास बसलेल्या दोन माणसांच्या ज्ञानातील अंतर तिने व तारेने कितीतरी पटींनी वाढविले.

आता शेतकऱ्याची गाडी बाजारात येऊन उभी राहिल्यावर काय होई, ते पाहू. गाडीभोवती दलाल जमत. घेणाऱ्याचा माणूस बोंद्रीत हात घालून मूठभर कापूस काढी, धागा ताणून पाही, ओल आहे, कवडी आहे, पत्ती फार आहे, असे दोष मोठ्याने सांगे. ही सर्व सौद्याची नांदी होय. मालास नाव ठेविल्यावाचून भाव उतरत नाही, हा नियम सर्वकालीन आहे. शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारा अडत्या असे. पण हाच अडत्या बहुधा पेरणीच्या वेळी त्याला पैसा देणारा सावकार किंवा त्याचा सोबती असावयाचा. म्हणजे ज्याच्या जिभेवर शेतकऱ्याने विसंबावयाचे, त्याचे हित घेणाऱ्याशी बिघाड न होण्यात गुंतलेले. शेतकरी आज येईल, वर्षाने पुन्हा येईल. व्यापारी मात्र रोज समोर बसलेला आहे. मधल्या माणसाचा कल कोणीकडे झुकेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

आणि मग रुमाल निघे. मुंबईच्या कापूसबाजारापासून गावोगावच्या बैलबाजारापर्यंत पसरलेली ही रीत पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल. दोघे दलाल समोरासमोर उभे राहत, हातांवर उपरणे किंवा रुमाल टाकीत आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव सांगत. शेकड्याची गोष्ट चालली आहे की दहांची, एवढा शब्द तोंडाने उच्चारावयाचा. बाकीचा आकडा बोटांनी. एक बोट धरले तर एक, दोन धरली तर दोन. मुठीचे व अर्ध्या बोटाचे संकेत निराळे, व ते पेठेपेठेगणिक बदलणारे. तोंडे दुसरेच काही बोलत असत. आभाळाकडे पाहून पावसाची चौकशीही चाले. या रीतीचे समर्थन असे करण्यात येई की, दोन घेणाऱ्यांत उघड चढाओढ होऊन वैर वाढू नये व एका सौद्याचा भाव दुसऱ्याला बंधनकारक होऊ नये. समर्थन अगदीच खोटे नाही. परंतु त्याचा परिणाम काय होई? ज्याचा माल विकला जात आहे, तो धनी रुमालापासून हातभर अंतरावर उभा राहून आपल्या वर्षाच्या मेहनतीचे काय ठरले, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐके. त्याच्या आधीच्या गाडीला काय मिळाले, त्याला ठाऊक नाही. त्याच्या मागच्या गाडीला काय मिळेल, तेही नाही. घासाघीस चालली होती खरी, पण ती त्याची नव्हती.

याहून सूक्ष्म भाग पुढेच होता. भाव ठरला म्हणजे सौदा संपला, असे नव्हे. मापाच्या वेळी कडता; त्यावर अडत, दलाली, तोलाई, हमाली; शिवाय धर्मादाय, गोरक्षण, पाणपोई, नमुन्यादाखल काढलेला कापूस, आणि रोख पैसा हवा असल्यास वटाव. यांतील पुष्कळ बाबी एकेकट्या पाहिल्या तर क्षुल्लक व काही तर पुण्याच्याही. पण एकत्र केल्यावर त्यांचे ओझे किती होई, हे कल्पित आकड्यांनी पाहावे. समजा, एका व्यापाऱ्याने खंडीमागे शंभर रुपये भाव बोलला व नंतर निरनिराळ्या नावांनी सहा रुपये कापले. दुसऱ्याने शहाण्णवच बोलला, पण कापले दोनच. दोन्हींकडे पदरात चौऱ्याण्णवच पडावयाचे. असे असूनही गाड्या पहिल्याच्या दाराशी लागत. कारण घरी जाऊन सांगावयास शंभराचा आकडा गोड वाटतो. पहिल्याने कपात वाढवून आठ रुपये केली तरी त्या गाड्यांपैकी पुष्कळ तेथेच राहत. बोललेला भाव आणि पदरात पडलेला भाव यांतील ही दरी, हे बाजारशास्त्रातील एक मोठे गुपित आहे. पुढे मोटारीच्या दुकानात आपल्याला याच दरीच्या काठाशी पुन्हा उभे राहावयाचे आहे.

ही स्थिती सरकारच्या कानी गेली नव्हती असे नाही. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकमाने कारंजा येथे नियंत्रित बाजार स्थापन झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हिंदुस्थानातील शेतमालाच्या बाजारविषयक कायद्यांत हा आद्य कायदा मानला जातो. विशिष्ट जागा बाजार म्हणून जाहीर करावयाची, अनधिकृत बाजार बंद करावयाचे, देखरेखीस समिती नेमावयाची, दलाल व मापारी यांनी परवाना घ्यावयाचा, बाजाराचा कर ठरावीक असावयाचा, आणि नियम मोडल्यास दंड, असा त्याचा साचा होता. यात शेतकऱ्याविषयी कळवळा किती आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस वाजवी भावात मिळावा ही चिंता किती, याचा हिशेब इतिहासकारांनी मांडला आहे, व तो दुसऱ्या बाजूस झुकतो. तथापि हेतू काहीही असो, तत्त्व मोलाचे होते. शेतकऱ्याला वाक्चातुर्य शिकविण्याच्या भरीस कायदा पडला नाही. त्याने सौद्याची जागा उघडी केली, मध्यस्थावर नाव घातले आणि वजनास साक्षीदार दिला.

यात उणिवा होत्याच. समितीत व्यापाऱ्यांचेच बहुमत. पिकविणाऱ्याला तेथे जवळपास आवाजच नव्हता. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशनने आपल्या १९२८ च्या अहवालात या वैगुण्यावर बोट ठेविले व नियंत्रित बाजारांचा प्रसार करण्याची शिफारसही केली. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३२ साली कापूसबाजाराचा व १९३५ साली शेतमालाच्या बाजाराचा नवा कायदा झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कृषि उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा आला. त्याखालील १९६७ च्या नियमांनी भाव गुप्त खुणांनी ठरविण्यास मनाई केली आणि उघड लिलावाची पद्धत घालून दिली. म्हणजे लॉर्ड मेयो खामगावी येऊन गेल्यावर रुमाल कायद्याने दूर व्हावयास जवळजवळ शंभर वर्षे लागली. एका फडक्याचे वजन इतके असू शकते!

परंतु रुमाल दूर होऊनही एक गोष्ट कायद्याला साधली नाही. भाव पटला नाही तर गाडी परत फिरविण्याचे बळ तो शेतकऱ्याला देऊ शकला नाही. घाट चढून कापूस परत न्यावयाचा म्हणजे बैलांचे हाल, दिवसाचा खोळंबा, आणि घरी साठविण्यास कोरडी जागा नाही ती नाहीच. त्यात हप्त्याची मुदत उभी. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळी वर्षांत तर ज्याच्या घरी ज्वारीचा दाणा नव्हता, त्याला मिळेल त्या भावाला कापूस देऊन चढ्या भावाची ज्वारी घ्यावी लागली. कापूस खाता येत नाही, हे वऱ्हाडाने त्या वर्षांत फार मोठी किंमत देऊन शिकले. सौद्यातील खरे बळ यात आहे. ज्याला उठून जाता येते त्याचा भाव होतो. ज्याला उठता येत नाही त्याला भाव सांगितला जातो.

हाच शेतकरी दुसऱ्या एका बाजारात मात्र निराळा दिसे, आणि तो म्हणजे बैलबाजार. तेथे तो घेणारा असे. बैलजोडी ही त्याची मोटारच होती. शेतीचा व प्रवासाचा सारा भार तिच्यावर. कापसाच्या बाजारात गप्प उभा राहणारा हा मनुष्य येथे बैलाचे तोंड उघडून दात मोजी. दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळला आहे, हे स्वतः पाही. खांदा चाचपी, खुरे उचलून पाही, शेपटी पिळी, गाडीला जुंपून चालवून पाही, मारका आहे का, बसकण मारतो का, याची विकणाऱ्याच्या गावच्या माणसांपाशी आडून चौकशी करी. पसंत पडला तरी चेहऱ्यावर दाखवीत नसे. आणि न पटल्यास खुशाल पुढच्या बाजाराची वाट पाही. मग इसार देऊन सौदा पक्का करी. जीभ तीच, मनुष्य तोच. मग हा फरक कशाने पडला? येथे त्याला वस्तूचे ज्ञान होते, आणि येथे त्याला घाई नव्हती. सबंध घासाघिशीचे शास्त्र या दोन शब्दांत सामावले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता बैलाच्या जागी मोटार आली. तिच्या किमतीचा इतिहासही मनोरंजक आहे. एकच भाव लिहून ठेवावयाचा व सर्वांस तोच सांगावयाचा, ही पद्धत पॅरिसच्या बॉन मार्शेसारख्या मोठ्या दुकानांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केली. मोटारीच्या धंद्यात मात्र ती पूर्णपणे कधीच रुजली नाही. कारण नवी घेणारा बहुधा जुनी देऊ पाहतो, आणि जुन्या वस्तूला छापील भाव नसतो. अमेरिकेत मोटारविक्रेते मनास येईल तो आकडा सांगतात, अशी ओरड झाली, तेव्हा ओक्लाहोमाचे सिनेटर मनरोनी यांच्या पुढाकाराने १९५८ साली कायदा झाला व प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर कारखान्याने सुचविलेली किंमत व जोडसामानाची यादी चिकटविणे सक्तीचे ठरले. त्या कागदाला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. १८९७ चा वऱ्हाडी कायदा आणि १९५८ चा अमेरिकन कायदा यांत साठ वर्षांचे व अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. पण दोहोंचा प्राण एकच, आणि तो म्हणजे रुमाल बाजूस सारणे.

आपल्याकडे घासाघिशीचा प्रश्नच पुष्कळ वर्षे उद्भवला नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची मुंबईतील मोटार, बंगालातील उत्तरपाड्याची अँबॅसडर, आणि एखादीच तिसरी, एवढाच विस्तार. १९६९ साली सरकारने किंमत ठरवून दिली; कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले व १९७१ साली न्यायालयाला मोटारीच्या एकेका खर्चाचा हिशेब तपासावा लागला. छापील भाव सर्वांस सारखा होता, यात शंका नाही. परंतु माल थोडा व गिऱ्हाइके फार, म्हणून वर्षानुवर्षे पाळीत उभे राहावे लागे, आणि वापरलेली मोटार कधीकधी नवीपेक्षा महाग विकली जाई. यावरून एक धडा मिळतो. भाव उघड असणे पुरेसे नाही. दुसरे दुकानही असावे लागते. १९८३ साली मारुती आली, १९९३ साली मोटारउद्योग परवान्याच्या बंधनातून सुटला, आणि तेव्हापासून हिंदी गिऱ्हाइकाला मोटारीच्या बाबतीत उठून जाण्याची सोय झाली.

तथापि सोय असणे व तिचा उपयोग करणे या दोन गोष्टी आहेत. येथे बोलक्या मामांच्या प्रश्नाकडे परत वळू. इयान आयर्स व पीटर सीगलमन या दोन अमेरिकन विद्वानांनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिकागोच्या परिसरातील मोटारविक्रेत्यांकडे त्यांनी जोडीजोडीने माणसे पाठविली. अशा तीनशेंहून अधिक जोडभेटी झाल्या. सर्वांना एकच संभाषण पढविले होते. पोशाख, वय, शिक्षण यांत शक्य तितके साम्य राखले होते. असे असूनही गोऱ्या पुरुषांस सर्वांत कमी भाव सांगितला गेला. स्त्रियांना व कृष्णवर्णीयांना तो अधिक सांगितला गेला. शब्द तेच, भाव निराळा! विक्रेता समोरच्याची वाणी तोलीत नव्हता. याला बाजाराची माहिती किती असेल, हा दुसऱ्या दुकानी जाईल की नाही, याचा अंदाज तो चेहऱ्यावरून बांधीत होता. पुढे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसून आले की, इंटरनेटवरून भाव काढून व त्याच मार्गाने विक्रेत्याशी व्यवहार ठरवून मोटार घेणाऱ्या कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य गिऱ्हाइकांस जवळजवळ इतरांइतकाच भाव पडला. माहिती हाती येताच चेहऱ्याचे मोल संपले. खामगावच्या गाडीवानाची कहाणी शिकागोच्या काचेच्या दुकानात पुन्हा घडली, एवढाच याचा अर्थ.

आजच्या मोटारीच्या दुकानात रुमाल दिसत नाही. परंतु त्याची कामगिरी दुसरे कोणी करीत नाही, असे मात्र समजू नये. शोरूमची किंमत मोठ्या अक्षरांत असते. तीत राज्याचा वाहनकर, नोंदणी, विमा, जोडसामान, वाढीव हमी व 'हाताळणी खर्च' मिळविला म्हणजे रस्त्यावर येणारी किंमत तयार होते. हे कडता, तोलाई आणि धर्मादायच होत. त्यांतील कर व नोंदणी सरकारची, तेथे घासाघीस नाही. विमा मात्र दुकानदाराकडूनच घ्यावा असे बंधन नाही, जोडसामान बाहेरही मिळते, आणि हाताळणी खर्च सरकारी करांत कोठेही बसत नाही. याहून मोठा रुमाल म्हणजे मासिक हप्ता. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९१९ साली कर्ज देणारी स्वतंत्र शाखा काढली आणि गिऱ्हाइकाचे लक्ष किमतीवरून हप्त्याकडे वळविण्याचा राजमार्ग खुला झाला. 'महिन्याला किती झेपेल?' हा प्रश्न फार प्रेमळ वाटतो. पण त्याचे उत्तर दिले की किंमत, व्याज व मुदत ही तिन्ही फडक्याखाली जातात. हप्ता पाचशेने उतरतो आणि मुदत दोन वर्षांनी वाढते. बोटे कोणी दाबली, हे आपणांस कळतही नाही. जुनी मोटार देऊन नवी घेताना तर दोन सौदे एकाच रुमालात गुंडाळले जातात; जुनीला चांगला भाव दिल्याचा आनंद नवीच्या किमतीतून वसूल करून घेता येतो.

तेव्हा इतिहासाचा उपदेश मानावयाचा, तर पुढील वाट दिसते. बोललेला भाव न पाहता पदरी पडणारा भाव पाहावा. म्हणजे सर्व बाबींसह एकच अखेरचा आकडा, आणि तोही कागदावर, मागावा. तोच कागद खामगाव, बुलढाणा, अकोला अशा दोन-तीन ठिकाणांहून आणावा. हल्ली घरबसल्याही पुष्कळ कळते. जुन्या मोटारीचा सौदा वेगळा करावा व तिची किंमत आधी बाहेर काढून ठेवावी. कर्जाची चौकशी प्रथम आपल्या बँकेत करावी, आणि हप्ता विचारण्यापूर्वी व्याज व मुदत विचारावी. वापरलेली मोटार घ्यावयाची तर बैलाचे दात मोजण्याची जुनी विद्या विसरू नये. ओळखीच्या कारागिराला बरोबर नेऊन ती चालवून पाहावी. आणि लग्नाचा किंवा पाडव्याचा मुहूर्त पुढ्यात ठेवून दुकानात जाऊ नये. मुहूर्त जवळ आला की आपली गाडी घाट उतरून आलेली असते, ती मग परत फिरत नाही. हे सर्व करावयास वाक्चातुर्य मुळीच लागत नाही. मामांना बरोबर न्यावे, पण वही-पेन्सील घेऊन.

शेवटी आणखी एका गोष्टीचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. आपल्या सुशिक्षित घरांत घासाघीस अंगवळणी पडलेली आहे. परंतु ती बहुधा कोठे चालते? आठवडी बाजारात, टोपलीभर भाजी घेऊन बसलेल्या बाईशी. तिची मेथी संध्याकाळपर्यंत कोमेजणार, परत न्यावयास तिला एस. टी. चे भाडे पडणार. तिची स्थिती अगदी १८७० च्या गाडीवानाची आहे. तेथे दोन रुपयांसाठी आपण दोनदा उठून जाण्याचा अभिनय करतो आणि यशस्वी होऊन परततो. उलट जेथे हजारोंची बाब असते, त्या काचेच्या थंडगार दालनात चहाचा पेला हाती आला की आपणांस भाव विचारणेही असभ्यपणाचे वाटू लागते. म्हणजे जो उठून जाऊ शकत नाही त्याच्याशी आपण व्यापारी होतो, आणि जो आपणांस उठू देऊ इच्छीत नाही त्याच्यापुढे शेतकरी. खामगावच्या पेठेचा इतिहास वाचल्यावर ही अदलाबदल मनाला टोचल्यावाचून राहत नाही. घासाघीस वाईट नाही. दोन स्वतंत्र माणसांनी उघड्या हातांनी केलेली घासाघीस हा बाजाराचा धर्मच आहे. मात्र आपण कोणाशी ती करतो, आणि त्याला घरी परत जाण्याची वाट मोकळी आहे की नाही, एवढे पाहून मग तोंड उघडावे.